रुसलेला रांजण

केदारीनं डब्याचं झाकण उचललं आणि नुकत्याच विझलेल्या काडीसारखा उग्र वास छपरीभर पसरला. त्याची बायको जयवंता महिन्याच्या लेकीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यायची तिला मनाई होती.

बाळंतिणीची सावली पडली की निळीचा रांजण रुसतो, असं शहापुरातले सूत रंगवणारे निळारी मानत. चार वाळलेली दुपटी काढायला म्हणून ती छपरीत शिरली, आणि दुसऱ्या दिवसापासून सुताला रंग चढेना. गूळ घालून झाला, टाकळ्याचं बी शिजवून घातलं, लिंबू उतरलं. शेवटी सासूनं, बायाक्कानं ठरवलं : मायलेकींना उद्या कंग्राळीला माहेरी धाडायचं. परत कधी आणायचं, ते कुणी बोललं नाही.

"हिला हायड्रॉस म्हणत्यात," केदारी म्हणाला. पांढरी, पिठीसाखरेगत भुकटी. रंगवाल्यानं सांगितलेलं तो घोकल्यागत सांगत गेला. गंधकापासून केलेली. ओल लागली तर आपली आपण पेटते, उघडी राहिली तर मरते. पाण्यातलं वारं पिऊन टाकते, मग नीळ आपला निळेपणा सोडते. बाहेरचं वारं लागलं की पुन्हा धरते.

"निळीनं निळेपणा सोडायचा? खुळा का काय रं तू," बायाक्का म्हणाली.

त्यानं भुकटी सोडली, काठीनं हळू ढवळलं. बराच वेळ काहीच नाही. मग काळंनिळं पाणी कडेनं हिरवं होऊ लागलं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि वर तांब्याच्या पत्र्यासारखी साय धरली. जयवंताच्या अंगावर काटा आला. पोर पोटात पहिल्यांदा हललं तेव्हा आला होता तसा.

बायाक्का आधी सावरली. "भुकटीनं उठिवला. खरं, बिघडवला कुणी, ते भुकटी सांगती व्हय?"

केदारीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

जयवंतानं लेकीला खांद्यावर घट्ट धरलं, उंबरा ओलांडला, आणि कुणी अडवायच्या आत सुताची लड घेऊन हात कोपरापर्यंत रांजणात घातला.

साय फाटली, पुन्हा सांधली. पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं.

लड वर आली ती कोवळ्या पालवीच्या रंगाची. तिचा हातही तसाच. दारातल्या वाऱ्यात दोन्ही गडद होत गेली, आणि बघता बघता बोटं निळी झाली, मग मनगट, मग कोपर. बायाक्का त्या हाताकडं गाभाऱ्यात बघावं तशी बघत राहिली.

मग बायाक्कानं पदराला हात पुसले आणि पुढं केले.

"आण ती पोर हिकडं," ती म्हणाली. "तू दुसरी लड घे."