गुडघ्यांचा कौल

डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितल्यावर चिमाकाकी तडक ग्रामदेवीच्या देवळात कौल लावायला गेली. गंगाराम गुरवाने देवीला फुलं लावून खणखणीत गाऱ्हाणं घातलं. तिन्ही वेळा डावंच फूल पडलं.

"देवी नको म्हणते गो काकी. निरगुडीचा पाला बांध."

काकी खूश! कठड्याला धरून, कण्हत कण्हत पायऱ्या उतरायला लागली. मागून निघालेला, साठी उलटलेला गंगाराम तिच्या आधी टणाटण खाली पोचलासुद्धा.

"किती दिवस बांधलास रे पाला?"

"पाला कसला! माझ्या झिलाने गेल्या वर्षी मुंबईला नेऊन दोन्ही गुडघे बदलून आणले."

"आणि कौल नाय लावलास?"

 

"नाय गो. देवी नको म्हणाली असती तर?"