देवचाफ्याला पाणी

कुमुदताईंच्या पत्राला अच्युतरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. लेकीकडे गेलेल्या ताईंनी लिहिलं होतं, "सोसायटीच्या बागेतला माझा देवचाफा सांभाळा. फार पाणी घालू नका म्हणावं सगळ्यांना. दिवाळीत बघायला येईन."

पाणी घालू नका हे सगळ्यांना सांगायचं म्हणून ते रोज बागेत जात. जो तो मायेनं चाफ्यापाशी तांब्या रिकामा करी. "ताईंचं झाड तहानलेलं कसं ठेवायचं?" तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बसा पुस्तक घेऊन, भाऊजी!" अच्युतराव कसंनुसं हसले.

आज हात लावला, तर कुजलेल्या खोडात बोट शिरलं.

झाडाखेरीज ताईंना बोलवायला त्यांच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.

"चाफा गेला. मी कुणालाच अडवलं नाही. आता येण्यासारखं इथे काही उरलं नाही," असं लिहून त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.