सोलांजीचं गाणं

मालिका सुरू झाली तसा नॉर्बेर्तूने बारमधला पंखा बंद केला. त्याच्या घरघरीत गाण्याचा एखादा शब्द निसटायला नको. अख्खी गल्ली टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती आणि मधोमध, मानाच्या खुर्चीवर, नव्या नवरीसारखी नटलेली जांदिरा. वय साठीचं, पण आज तिला कोण हसणार? मालिकेत प्रत्येक पात्राच्या वाट्याला एकेक गाणं असतं, आणि सोलांजीचं गाणं जांदिराने लिहिलं होतं. सोलांजी पडद्यावर आली की ते वाजायचं.

वाजायचं ते पहिलं कडवंच. पुढे पात्रं बोलायला लागत. शेवटच्या कडव्यात जांदिराने मुलाला हाक घातली होती: झेका, घरी ये, माझा राग कधीच गेला. झेका भांडून उत्तरेकडे सोन्याच्या खाणीत गेला तो गेलाच; ना पत्र, ना निरोप. पण मालिका तर तिथेही बघतात. गाणी निवडणाऱ्या वाल्दीरने सकाळीच सांगितलं होतं, आज गाणं शेवटपर्यंत घेतलंय.

"आज ऐकणार बघ तुझा झेका," शेजारची क्रेउझा म्हणाली. "आणि ऐकूनही नाही आला, तर मी जाते आणि कान धरून आणते मेल्याला."

सोलांजी गाडीत बसून समुद्राकडे निघाली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. जांदिराचे ओठ हलू लागले. तेवढ्यात वळणावर समोरून ट्रक आला. मग रुग्णवाहिकेचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना, आणि त्या भोंग्याखाली शेवटचं कडवं वाजून संपलं. झेकाचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. सोलांजीच्या तोंडावर पांढरी चादर ओढली गेली.

"अशी कशी मारली रे पोरीला!" क्रेउझाने हंबरडा फोडला. नॉर्बेर्तूही डोळे पुसत होता. मेलेल्या पात्राचं गाणं पुन्हा वाजत नाही, हे त्या रडारडीत एकट्या जांदिराच्या ध्यानात आलं. आता पोराला कुठून हाक मारायची?

काउंटरवरचा फोन वाजला. नॉर्बेर्तूने तो तिच्या हातात दिला.

"बघितलंत ना, दोना जांदिरा? सगळा देश रडतोय!" वाल्दीर खुशीत होता. "बरं, सोमवारपासून एक न्हावी येतोय मालिकेत. हसरा, बायकांच्या मागे लागणारा. त्याला गाणं हवंय. द्याल?"



"देते," जांदिरा म्हणाली. "पण एवढं सांगा, हा किती दिवस जगणार?"