चालू हर्रासात

गेल्या आठवड्यात संगणकांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारा सर्व्हर बंद पडला आणि बुऱ्हाणपूरच्या केळीमंडीतला हर्रास ठप्प झाला. म्हणून इंजिनीअर तृप्तीनं शेजारी दुसरा बसवला. पण तीस वर्षं एकट्यानं भाव पुकारणारे, कुणाला माईकला हात लावू न देणारे काशिनाथदादा चिडले. “एक राबतो, दुसरा नुसती बिजली खातो!” “पहिला पडला की दुसरा उठतो, दादा. वायर काढून बघा.” “चालू हर्रासात? बाहेर ट्रक उभेत, बेटा!” “म्हणूनच तर!” दादांनी डोळे मिटून पहिल्याची वायर उपटली. नवा पत्ता मिळतो का ते बघायला तृप्तीनं भाव दाखवणारा, मुद्दाम बंद ठेवलेला संगणक चालू केला. पडदा कोराच राहिला. व्यापारी खुर्च्यांवरून उठले. मग झपकन भाव झळकले! दादा आनंदानं इतके ओरडले की सकाळपासून पुकारून थकलेला घसाच बसला. मंडी खोळंबली. माईक तृप्तीच्या हातात देत दादा कुजबुजले, “पहिला पडला, बेटा.”