कच्चा रंग

“रंग कच्चा आहे अजून,” अजिम बोलून गेला आणि मग स्वतःच मनात चपापला. कसला कच्चा? चिखलीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये ती सायकल आठवडाभर वाळत उभी होती. रंग अगदी ठणठणीत बसला होता.

सायकल डोंगरावर चालवायची, जाड टायरची. मालकाचं नाव नवनाथ, राहणार मोशी. घोराडेश्वरच्या डोंगरावरून उतरताना तो तिच्यासकट पडला होता. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला आणि फ्रेमचा रंग एका अंगाने पार सोलवटून निघाला. अजिमने त्यावर जीव ओतला होता. खाली गडद मोरपंखी, वर जाता जाता पिवळा, आणि दोन्ही मिसळतात तिथे हळदीची बोटं झटकल्यासारखे बारीक शिंतोडे. बुलेटच्या टाक्या रंगवण्यात त्याची हयात गेली, पण इतकं देखणं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

नवनाथ सायकल न्यायला आला तेव्हा त्याची बायको योगिनी त्याचा दंड धरून सोबत होती. त्याने फ्रेम ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, डोळे बारीक करून नीट पाहिली, अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा उजळला. अजिम सुखावला. तेवढ्यात योगिनीने विचारलं, ही भिंतीवर टांगायला खुंट्या कुठे मिळतील? डॉक्टर चालवा म्हणतात, पण त्यांचं काय जातंय, आम्ही काही यांना पुन्हा सायकलवर बसू देणार नाही. हॉलमध्ये शोभेला राहील. नवनाथने मान खाली घातली. आपल्या पायाकडे बघत उभा राहिला.

तिथेच अजिमची जीभ घसरली. आणि एकदा घसरली ती घसरलीच. हा रंग बंद खोलीत पक्का होत नाही, म्हणाला. त्याला सकाळचं ऊन लागतं आणि समोरून अंगावर येणारं वारं लागतं. सायकल रोज रस्त्यावर पळवली तरच तो धरतो, नाहीतर महिन्याभरात फुगे येऊन पापुद्रे निघतील. आणि हो, दर रविवारी मला आणून दाखवायची. शेजारच्या वेल्डिंगवाल्यालाही हसू फुटलं असतं अशी ती थाप. नवनाथने मात्र अजिमकडे जरा वेळ पाहिलं आणि बायकोला म्हणाला, “ऐकलंस ना? चालवावी लागणार.”

पहिल्या रविवारी तो टेम्पोत सायकल घालून आला. सोसायटीच्या आवारात फिरवली, म्हणाला. अजिमने फ्रेमवर नख दाबल्यासारखं केलं, मान हलवली आणि आवारातलं वारं पुरत नाही म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला हा गडी स्वतः चालवत आला. चढावर उतरून ढकलत आणली होती. शर्ट घामाने चिंब, दुखरा पाय जमिनीवर टेकला तरी थरथरत होता. अजिमने स्टूल पुढे केलं तर बसला नाही, आधी रंग बघा, म्हणाला.

अजिमला स्वतःची लाज वाटायची. आपण थाप मारून मोकळे झालो आणि हा माणूस इमानाने पाय ओढत येतोय. पण खरं सांगावं तर सायकल दुसऱ्या दिवशी भिंतीवर जाणार. म्हणून तो रविवारमागून रविवार रंग कच्चाच ठरवत गेला. नवनाथ चिडला नाही, कुरकुरला नाही, एक रविवार चुकला नाही. काय माणूस आहे, अजिम घरी आईला, रहिमाबीला, सांगायचा. त्याच्या हाडात लोखंड घातलंय ते उगाच नाही.

एका रविवारी हिंदुराव नावाचं जुनं गिऱ्हाईक बुलेटची टाकी घेऊन वर्कशॉपमध्ये बसलं होतं. हिंदुराव चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत कामाला. नवनाथला बघताच ते ताडकन उठले आणि नमस्कार सर म्हणाले. नवनाथ त्यांच्याशी चार शब्द बोलला, अजिमकडून रंग अजून कच्चा असल्याचं ऐकून घेतलं आणि पॅडल मारत निघून गेला. हिंदुराव तोंडाचा आ करून बघतच राहिले.

“अहो, आमच्या पेंट शॉपचे, म्हणजे कंपनीतल्या रंगखात्याचे मॅनेजर आहेत ते,” ते म्हणाले. “लाइनवरच्या प्रत्येक गाडीचा रंग त्यांच्या नजरेखालून जातो. रंग कधी वाळतो हे आम्हाला त्यांनीच शिकवलंय, राव.”

अजिमची कानशिलं तापली. तो आठवडा त्याने कसाबसा काढला. माणूस मनातून हसत असेल की भडकला असेल, काही उमगेना. आता तो येणार नाही, हे त्याने जवळपास धरूनच ठेवलं होतं.

रविवारी नवनाथ आला. पाय टाकून सहज उतरला. टायरच्या खाचांत डोंगरावरचा तांबडा मुरूम भरला होता. घोराडेश्वरला जाऊन आलो, म्हणाला. मागोमाग योगिनी स्कूटरवरून आली, आणि दंड धरायला तिने हात पुढे केला नाही. नेहमीसारखी त्याने सायकल अजिमपुढे केली. अजिमने तिला हात लावला नाही.

“सर, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” तो खाली बघत म्हणाला. “मग का येत राहिलात?”

नवनाथने फ्रेमवरून अंगठा फिरवला.

“घरात, सोसायटीत, कंपनीत, जो भेटेल तो म्हणायचा, पाय कच्चा आहे, जपा,” तो म्हणाला. “रंग कच्चा आहे म्हणणारे तुम्ही एकटेच भेटलात, अजिमभाई.”