नळगंगेचं पाणी

"आई, हा हप्ता लय कामाचा हाय. सोमवारी पोराईचा वर्ग, बुधवारी दवाखाना, रोज संध्याकायी बायाईची बैठक. आता बारशालेच फोन लावतो." एवढं बोलून दीपमालानं फोन ठेवला. ती आणि जावई प्रसेनजित धम्मप्रसारासाठी हंगेरीतल्या एका खेड्यात राहायचे.

"अन् पाळणा कोन म्हनन थ्या मुलखात?" इकडे नळगंगा नदीकाठच्या मोताळ्यात सिंधूताईंच्या जिवाला घोर लागला. नातीचा पाळणा मुकाच हलणार की काय!

"तूच म्हन ना फोनवर. आवाजाले कुठं तिकीट लागते?" दीपमालाचे वडील माणिकराव हसले.

रविवारी फोनमध्ये पाळणा दिसला. भोवती फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या तिथल्या बाया. सिंधूताईंनी डोळे मिटले आणि दीपमालाच्या बारशाला स्वतः रचलेली, पुढं तिला रोज निजवताना म्हटलेली, कुठंच न लिहिलेली ओवी उचलली.

"नळगंगेचं पानी बाई, आभाळी चढलं..."

तोच चित्र थिजलं.

"गेली रेंज! अर्धाच राह्यला माह्या नातीचा पाळणा." त्यांचे डोळे भरून आले.

चित्र काही हललं नाही, पण आवाज आला. एकीचा नव्हे, वीस-पंचवीस बायांचा. बोल बोबडे, परके. चाल मात्र नेमकी सिंधूताईंची.

"...माह्या लेकीच्या गावाले जाऊन पडलं."

माणिकराव फोनजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "रोजची बैठक... थे हेच काय वं?"

 सिंधूताईंचा रिकामा हात तालावर पाळण्याची दोरी ओढत होता.