दूध कुणासाठी

तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्याच वर्षी कारखान्यात संप पेटला. नणंदेचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, युनियनचा सेक्रेटरी. पण हल्ली सभा आटोपली की तो घरी न येता दुधाचा थर्मास घेऊन इस्पितळात जायचा, आणि कुणासाठी ते काही सांगायचा नाही.

"वहिनी, तिथल्या नर्सबाई फार देखण्या आहेत म्हणे," शेजारणीने डिवचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पोरांना कोरा चहा, आणि दूध त्या सटवीला! ती तशीच त्याच्या मागोमाग वॉर्डात शिरली.

नर्स कुठेच नव्हती. डोकं फुटलेल्या एका माणसाला नवरा चमच्याने दूध पाजत होता. संप मोडून कामावर निघालेला तो कामगार तिने लगेच ओळखला.

"या फितुराला? माझ्या लेकरांच्या तोंडचं काढून?" ती कडाडली. "कोण लागतो हा तुमचा?"

"हळू बोल," तो म्हणाला. "गेटवर तू दगड मारलास, तेव्हा मी तुझ्या मागेच उभा होतो."

 

तो माणूस रविवारी पहाटे गेला. शनिवारचं दूध त्याला तिने पाजलं होतं.